सेवेला निघण्याआधी देवावर भरवसा ठेवायला घरीच कसं शिकायचं

जय ख्रिस्त. दरवर्षी बायबल स्कूलचे आणि मिशनच्या ट्रेनिंगचे फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या मंडळीतली दोन-तीन पोरं-पोरी घरी येतात, चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि निघताना चपला घालता घालता एखादी हळूच विचारते, "ताई, माझा विश्वास तेवढा आहे का हो? तिकडे गेल्यावर टिकेल ना?" खरा प्रश्न हाच असतो, आधीचा तासभर त्याच्यासाठीच काढलेला असतो. मी स्वतः सातपुड्यात धडगावच्या बाजूला नऊ वर्षं सेवा केली आणि जाण्याआधी मलाही हाच प्रश्न रात्र रात्र जागवायचा, म्हणून यावर एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की फील्डवर, म्हणजे सेवेच्या ठिकाणी, पोचल्यावर देव आपोआप मोठा विश्वास देईल. तिथे देव नवीन काही देत नाही असं मी म्हणत नाही, भरपूर देतो, पण जे इथे घरी, ओळखीच्या माणसांत, आईच्या हातचं जेवून जमत नाही ते तिकडे एकट्याने, परक्या भाषेत, अंगात ताप असताना अचानक जमेल असं धरून चालू नका. हडसन टेलर हा इंग्लंडमधला पोरगा चीनला जायची तयारी करत होता तेव्हा विशीतही नव्हता आणि त्याने नेमका हाच विचार केला, की चीनमध्ये माझं मागणं ऐकायला देवाशिवाय कोणी नसेल, तर मग माणसाकडे न मागता फक्त देवाकडे मागून कसं जगायचं हे इंग्लंड सोडायच्या आधीच शिकलं पाहिजे. त्याची गोष्ट पुढे पैशांच्या भागात सांगते.

किती वेळ लागेल? निदान सहा महिने हातात ठेवा, वर्ष मिळालं तर फारच छान. खाली दिलेलं सगळं एकदम सुरू करू नका, पहिल्या दोन गोष्टी आजपासून करा आणि बाकीच्या हळूहळू जोडत जा.

१. भरवसा कोणावर ठेवायचाय ते आधी नीट बघा

अनोळखी माणसाला आपण घराची किल्ली देत नाही, शेजारच्या काकूंना देतो, कारण वीस वर्षं त्यांना बघत आलोय. देवाच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो, ओळख वाढवत नाही आणि "मला जास्त विश्वास दे" अशी प्रार्थना करत बसतो. विश्वास ऐकण्याने येतो असं पौल रोमकरांस पत्राच्या १० व्या अध्यायात म्हणतो, म्हणजे तो वाढवायचा रस्ता सरळ सांगून ठेवलाय.

आपण ख्रिस्ती घरात जन्मलो, संडे स्कूल केलं, क्वायरमध्ये गायलो, म्हणून ओळख आहे असं गृहीत धरू नका. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, धर्माचा अभ्यास कमी नव्हता, तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळायला त्यानंतर साधारण आठ वर्षं गेली. मधल्या काळात त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, म्हणजे एवढं मोठं काम चालू होतं आणि तरी आत ही पोकळी होती. हे मी मुद्दाम सांगते कारण काम चालू आहे याचा अर्थ भरवसा आहे असा होत नाही.

करायचं काय, तर मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत. एक अध्याय तीन दिवस वाचायचा. पहिल्या दिवशी मोठ्याने, आपला आवाज आपल्या कानांवर पडेल असा. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न घेऊन वाचायचा, की इथे येशू माणसांशी कसा वागतोय, घाबरलेल्यांशी कसा, चुकलेल्यांशी कसा, गर्दीत हात लावणाऱ्या बाईशी कसा. तिसऱ्या दिवशी त्यातली एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत घरात कोणाला तरी सांगायची, लहान भाचा असेल तर उत्तमच, कारण लहान पोरं लगेच "मग काय झालं?" विचारतात आणि आपल्याला किती समजलंय ते उघडं पडतं. असे अठ्ठेचाळीस दिवस होतात. सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एका वचनाच्या फोटोवर दिवस काढायची सवय मात्र या काळात बंद करा, वचन चांगलंच असतं पण मागचं पुढचं न वाचता नुसती आश्वासनं वेचत गेलं की मनात आपल्या सोयीचा देव तयार होतो आणि तो देव फील्डवर पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातो.

२. वही

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही. दुकानात हिशेबासाठी मिळते तसली लांबडी वही आणा. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजव्या पानावर काय झालं ते आणि त्याची तारीख. मागणं मोघम लिहायचं नाही. "घरच्यांना आशीर्वाद दे" लिहिलंत तर उत्तर आलं की नाही हे कळणार कसं? "बाबांची शुगर या महिन्यात ताब्यात येऊ दे", "अमक्याशी सहा महिने बोलणं बंद आहे, मला आधी फोन करायची हिंमत दे", असं लिहायचं.

माझी त्या वर्षीची वही अजून आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात. एका पानावर डावीकडे लिहिलंय, "आईने स्वतःहून होकार द्यावा." त्याच्यासमोर उजवीकडे तीन तारखा आहेत आणि तिन्ही वेळा एकच शब्द, "नाही." चौथी तारीख सात महिन्यांनंतरची, तिथे लिहिलंय, "आज आईने माझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली." तोंडाने ती त्या दिवशीही हो म्हणाली नव्हती. पण जुन्या नऊवारीचे तुकडे समोर पसरून ती जमिनीवर बसली होती आणि मला म्हणाली, तिकडे थंडी असते म्हणतात. हे पान मी धडगावला गेल्यावर किती वेळा काढून वाचलं असेल सांगता येत नाही.

आणि हो, कोरी राहिलेली उजवी पानं फाडायची नाहीत, झाकायची पण नाहीत. माझ्या वहीत भावाच्या नोकरीसमोरचं पान कोरंच आहे. ज्याच्या वहीत फक्त उत्तरं मिळालेली मागणीच असतात त्याने खरं लिहिलेलं नसतं. दावीद धिप्पाड गल्याथाशी लढायला निघाला तेव्हा त्याने शौल राजाला काय सांगितलं ते १ शमुवेल १७ मध्ये वाचा, त्याने आपण मारलेला सिंह आणि अस्वल सांगितलं. मेंढरं राखताना, कोणी बघत नसताना जे घडलं होतं तेच त्याने त्या दिवशी बाहेर काढलं. तुमची वही म्हणजे तुमचे सिंह आणि अस्वल. गल्याथ समोर आल्यावर वही लिहायला घ्यायची नसते, तेव्हा ती वाचायची असते.

३. पैसे

इथे जरा थांबून सांगते, कारण सेवेत येणारी पोरं प्रार्थना, उपवास, साक्ष यावर तासन् तास बोलतात आणि पैशाचा विषय निघाला की गप्प होतात, आणि पहिल्या वर्षात परत येणाऱ्यांशी बोलले तेव्हा बऱ्याच वेळा दुखणं तिथलंच निघालं.

टेलर १८५१ च्या सुमाराला हल या शहरात एका डॉक्टरांकडे मदतनीस होता. चांगल्या घरात राहायची सोय असताना तो मुद्दाम गरीब वस्तीत, सांडपाण्याच्या नाल्याकाठी एका छोट्या खोलीत राहायला गेला, ओट आणि भातावर दिवस काढायचा आणि उरलेले पैसे देऊन टाकायचा. डॉक्टर विसराळू होते, त्यांनीच सांगून ठेवलं होतं की पगाराची आठवण कर बाबा. याने ठरवलं की आठवण करायची नाही, देवाने त्यांना आठवण करून द्यावी म्हणून फक्त प्रार्थना करायची. तीन महिन्यांचा पगार थकला. एका रविवारी रात्री दहाच्या सुमाराला एक गरीब माणूस त्याला बोलवायला आला, बायको मरणाला टेकलीये, येऊन प्रार्थना करा. टेलरच्या खिशात एकच नाणं होतं, अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग. घरी त्या रात्रीपुरती आणि सकाळपुरती लापशी होती, दुपारचं काहीच नव्हतं. जाताना त्याच्या मनात चाललेलं, की हे नाणं सुटं असतं तर एक शिलिंग आनंदाने दिलं असतं. त्या खोलीत भुकेली पोरं, बाजेवर बाई, कुशीत दीड दिवसाचं बाळ. तो त्यांना सांगायला लागला की स्वर्गात आपला प्रेमळ पिता आहे, आणि शब्द घशात अडकले, कारण आतून आवाज आला की तू यांना पित्यावर भरवसा ठेवायला सांगतोस आणि स्वतः त्या नाण्याशिवाय भरवसा ठेवत नाहीस. गुडघे टेकले तर प्रार्थनाही होईना. शेवटी खिशात हात घातला आणि नाणं देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाने एक पाकीट आलं, आत हातमोज्यांची जोडी आणि त्यात अर्धा सॉव्हरिन, दहा शिलिंग, म्हणजे दिल्याच्या चौपट. कोणी पाठवलं ते त्याला कधी कळलं नाही.

ही गोष्ट सांगून लोक इथेच थांबतात, पण मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. पगार अजून थकलेलाच होता, दहा शिलिंग पंधरा दिवसांत संपले, शनिवारी घरमालकिणीला भाडं द्यायचं होतं. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांना एकदाची आठवण झाली आणि ते म्हणाले, अरे पण मी आजच सगळे पैसे बँकेत पाठवून दिले! टेलर बाहेर जाऊन एकटाच प्रार्थना करत बसला. रात्री दहाला तो निघायच्या तयारीत असताना डॉक्टर हसत परत आले, त्यांचा एक श्रीमंत पेशंट एवढ्या रात्री चालत येऊन बिल भरून गेला होता, आणि त्यातून याचा पगार निघाला. चौपट मिळालं म्हणून देव खरा ठरला असं नाही, त्या शनिवारची संध्याकाळ त्याने रडत ओरडत न घालवता देवापाशी बसून काढली, चीनमध्ये तेच कामाला आलं.

आता तुम्ही काय कराल? तीन महिन्यांचा प्रयोग करा. पगार, स्टायपेंड, पॉकेटमनी जे असेल त्यातला दशांश आधी बाजूला काढा. मग मिशनमध्ये महिन्याला साधारण किती मिळणार आहे ते विचारून घ्या आणि तेवढ्यातच राहून बघा, बाहेरचं खाणं, ऑनलाइन शॉपिंग, सगळं त्या हिशेबात. आणि महिन्यातून एकदा असं काही द्या जे दिल्यावर आपल्याला जाणवेल. कोणाला दिलं ते सांगायचं नाही, स्टेटसला तर अजिबात टाकायचं नाही. गरज पडली तर आधी देवाला सांगायचं, माणसाला नंतर. आणि आडून सुचवणं बंद करायचं. "माझ्यासाठी प्रार्थना करा, या महिन्यात फार ओढाताण आहे" असा मेसेज ग्रुपवर टाकणं ही प्रार्थनाविनंती कमी आणि मागणं जास्त असतं. मागायचंच असेल तर सरळ मागा, त्यात पाप नाही, पौलानेही मंडळ्यांकडे गरजूंसाठी उघडपणे मागितलं. पण मागणं आणि वर "मी फक्त देवावर अवलंबून आहे" असं दाखवणं, हे दोन्ही एकत्र नको.

तीन गोष्टी करू नका. कर्ज काढून देऊ नका. म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधाच्या पैशांवर विश्वासाचा प्रयोग करू नका, तो प्रयोग तुमच्या जिवावर करा. आणि दिलं की चौपट येतंच असा नियम बनवू नका. मी गेले तेव्हा एका ग्रुपने दर महिन्याला ठराविक मदत पाठवायचं कबूल केलं होतं, ती तिसऱ्या महिन्यात न कळवता बंद झाली. चौपट काही आलं नाही. शेजारच्या पाड्यावरच्या एका आजीने मोठ्ठ्या पानांत बांधून भगर आणि चवळी आणून दिली, पुढे आठवडाभर रोज कोणीतरी काहीतरी आणत राहिलं, आणि ज्यांना मी शिकवायला गेले होते त्यांच्या घरचं खाऊन मी जगले. त्यानंतर त्या पाड्यावर माझं बोलणं लोक वेगळ्या कानाने ऐकायला लागले.

रमाबाईंचा धागा इथेच जोडते. अमेरिकेतल्या त्यांच्या मित्रमंडळींच्या संस्थेने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ते १८९८ ला संपत होतं. टेलर आणि ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर यांची चरित्रं वाचून रमाबाईंच्या मनात आलं होतं की फक्त देवाकडे मागून काम चालवणं जे इंग्लंडमध्ये, चीनमध्ये होतं ते हिंदुस्थानात का होऊ नये? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या, पुढच्या दुष्काळानंतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. पुणे-दौंड रेल्वेने जाताना केडगाव स्टेशन लागतं, जमलं तर एक दिवस उतरून मुक्ती मिशन बघून या.

४. सोय करणं म्हणजे अविश्वास नव्हे

टेलर १९ सप्टेंबर १८५३ ला लिव्हरपूलहून डम्फ्रीज नावाच्या जहाजाने निघाला आणि वेल्सच्या किनाऱ्याजवळच भयानक वादळात सापडला. आईला सोडून निघालेला, त्याच्याकडे पाण्यात तरंगायचा पट्टा होता. त्याला वाटलं हा पट्टा जवळ आहे तोवर माझा भरवसा देवावर नाही, पट्ट्यावर आहे, म्हणून तो त्याने दुसऱ्याला देऊन टाकला आणि मग मनाला शांती मिळाली. जहाज वाचलं. पण नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की ती माझी चूक होती, साधनं वापरल्याने विश्वास कमी होत नाही आणि विश्वास असला म्हणून साधनं टाकून द्यायची नसतात, दिलेली साधनं वापरायची आणि परिणाम देवावर सोडायचा. लूकमध्ये पण दोन्ही आहेत, आधी येशूने शिष्यांना पिशवी न घेता पाठवलं, आणि २२ व्या अध्यायात त्यांना विचारलं, तुम्हाला तेव्हा काही कमी पडलं का? नाही म्हणाले. तर आता म्हणतो, पिशवी असेल तर घ्या.

म्हणून मच्छरदाणी घ्या. आरोग्य विमा काढा. दातांचं राहिलेलं काम इथेच करून घ्या. रक्तगट लिहून ठेवा. ज्या राज्यात जाणार तिथले धर्मांतराबद्दलचे कायदे नीट वाचा, ओडिशात १९६७ पासून आणि मध्य प्रदेशात १९६८ पासून असे कायदे आहेत, नंतर आणखी राज्यांत आले, आणि कायदा असो नसो, आमिष, धाक, नोकरी-औषधाची लालूच हे आपल्या सेवेत कुठेच बसत नाही कारण मग तो माणूस येशूकडे येत नाही, पिशवीकडे येतो. भाषा शिकायला आत्ताच सुरुवात करा. माझी पावरी, म्हणजे तिकडच्या लोकांची भाषा, निघायच्या आधी शून्य होती आणि पहिले पाच महिने मी नुसती हसून वेळ मारून नेली, त्याचं आजही वाईट वाटतं.

५. जिथे कोणी बघत नाही तिथलं काम मागून घ्या

मंडळीत माईक मागू नका, झाडू मागा. स्टेजवर विश्वास आहे की टाळ्यांचा आधार आहे हे कळत नाही. आठवड्यातून एक दुपार सरकारी दवाखान्यात जा, कोणी नातेवाईक नसलेल्या पेशंटला भरवा, केस विंचरून द्या. मी जायच्या आधी आठ महिने माझ्या आत्याचं केलं, अर्धांगवायू झाला होता, बोलता येत नव्हतं, चिडली की डाव्या हाताने ताट ढकलून द्यायची. रोज कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, पुन्हा कूस बदलायची. मी वैतागून देवाला म्हणायचे, मला सेवेला पाठव ना लवकर. खूप दिवसांनी एका दुपारी कळलं की पाठवूनच झालंय. तोपर्यंत मी "देवा, आजच्या दुपारपुरता धीर दे" एवढीच प्रार्थना करायला शिकले होते, आणि नऊ वर्षांत हीच प्रार्थना सगळ्यात जास्त वेळा केली.

६. शंका आल्या तर

येणारच. दाबून ठेवू नका. मार्कच्या ९ व्या अध्यायातला तो बाप बघा, लेकराला फेफरं येतं, आणि तो येशूला म्हणतो मला विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एका दमात दोन्ही, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. स्तोत्र १३ घ्या, सुरुवातच "किती वेळ" अशी. शंका वहीत लिहा, तारीख टाकून, आणि एका मोठ्या विश्वासू माणसाला दाखवा. एकट्याने चघळलेली शंका वाढत जाते.

आणि आधीच एक अवघड प्रश्न स्वतःला विचारून ठेवा, तिकडे काहीच फळ दिसलं नाही तर? इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम केरी १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला उतरले, आणि त्यांच्या कामातला पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, झाला २८ डिसेंबर १८०० ला. सात वर्षं. आपल्या मराठीचं एक अगदी सुरुवातीचं छापील व्याकरण १८०५ मध्ये केरींनीच सेरामपूरला काढलं, म्हणून आपल्याला त्यांचं कौतुक जास्त, पण त्या सात वर्षांत पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि बायको डोरोथी यांचं मन कायमचं बिघडलं, त्या १८०७ मध्ये वारल्या. डोरोथींना यायचंच नव्हतं, शेवटच्या क्षणी मनधरणी करून आणलं होतं. साक्षीत केरींची चिकाटी सांगतात आणि डोरोथींचं नाव घेत नाहीत, मला ते पटत नाही. आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजायला लावतोय का, हे निघायच्या आधी तपासा. इकडे मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत उतरले तर सरकारने परत जायचा हुकूम दिला, कसेबसे राहिले, आणि हॉल १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेले. अहमदनगर भागातल्या मंडळ्या त्यांच्या मागून आल्या, त्यांनी बघितल्या नाहीत.

दानीएलच्या ३ ऱ्या अध्यायातले तिघं भट्टीसमोर म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" तुमच्या पाचारणापुढे लिहून बघा. "नाही बरं वाटलं तरी." "कोणी नाही ऐकलं तरी." लिहिताना कुठल्या वाक्याला पेन थांबतं ते बघा, आणि पुढचा महिना तेवढ्याच वाक्यावर प्रार्थना करा.

७. घरचे

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पाचेक वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, आपल्या वाटेने, आपलं सोवळंओवळं आपणच प्रश्न विचारून मोडीत काढत. टिळकांचा विश्वास त्यांना उसना चालला नाही. तुमच्या आईवडिलांना, नवऱ्याला, होणाऱ्या बायकोलाही तुमचा उसना चालणार नाही. त्यांना वेळ द्या. "देवाने मला सांगितलंय" हे वाक्य घरात हत्यारासारखं वापरू नका, त्यावर समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. आई घाबरते तेव्हा वचन ऐकवू नका, आधी विचारा, आई, तुला नेमकी कशाची भीती वाटते? माझी म्हणाली, तू आजारी पडलीस तर मला कळवेल कोण? याचं उत्तर वचन नव्हतं, तिथल्या दवाखान्याचा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर होतं. लिहून दिला, तिने तो देवघरात ठेवतात तसा बायबलमध्ये ठेवला.

८. मंडळीला तपासू द्या

प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये पौल आणि बर्णबा आपल्या मनाने उठून गेले नाहीत, अंत्युखियाच्या मंडळीने उपवास केला, हात ठेवले आणि मग पाठवलं. तिघांना गाठा, पाळकसाहेब, तुमच्यासोबत काम केलेलं कोणीतरी, आणि ज्याचं तुमच्याशी पटत नाही असा एक. तिघांना एकच विचारा, मनासारखं झालं नाही की मी कसा वागतो किंवा कशी वागते? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात कामाचं निघतं. थांब म्हणाले तर थांबा. पौलसुद्धा गलतीकरांना लिहितो की तो आधी अरबस्तानात गेला आणि यरुशलेमला जायला तीन वर्षं गेली.

मग निदान पाच जण शोधा जे वर्षभर नावाने प्रार्थना करतील. पन्नास जणांचा ग्रुप नको, हात जोडल्याचे इमोजी येतात आणि विषय संपतो. पाचच, आणि त्यांना महिन्याला एक खरं पत्र, त्यात हरलेलं पण लिहायचं.

शेवटचा महिना

नवीन काही सुरू करू नका. ज्याचं देणं आहे ते देऊन टाका, ज्याची माफी मागायची राहिलीये त्याच्याकडे जाऊन या. एक पूर्ण दिवस फोन घरी ठेवून उपवास करा, डॉक्टरांनी मनाई केली असेल तर जेवून प्रार्थना करा. त्या दिवशी वही पहिल्या पानापासून वाचा, मोठ्याने, कोरी पानंसुद्धा, तारीख वाचायची आणि पुढे "अजून नाही" म्हणायचं. मग एक नवी वही घ्या आणि पहिल्या डाव्या पानावर जिथे जाताय त्या गावाचं नाव लिहा.

सामान भरताना जुनी वही कपड्यांच्या खाली टाकू नका, हाताशी येईल अशी ठेवा. मी आईच्या गोधडीत गुंडाळून नेली होती. शहाद्याला एसटी बदलताना पाऊस आला, टपावरची पेटी भिजली, कपडे भिजले, गोधडी वरून ओली झाली, वही कोरडी राहिली.